पाच लाखांत जुनी गाडी : मुंबईत काय काय बघून घ्यावी?

ठाकूरद्वारची_पोर | ८ नोव्हेंबर, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. आमच्या घराण्यात चारचाकी आली ती फक्त लग्नाच्या वरातीपुरती, तीही भाड्याची. त्यामुळे गाडीतलं कळणारं माणूस घरात एकही नाही, म्हणून हा धागा.

नानांच्या (माझे वडील) गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपीला न्यावं लागतं. रिक्षात पाय दुमडून बसवत नाही आणि उतरताना तर डोळ्यांत पाणी येतं त्यांच्या. शिवाय वर्षातून दोनदा राजापूर. राहायला बोरिवली. बजेट पाच लाख, त्यातच नावावर करणं, विमा, पहिली सर्व्हिसिंग सगळं आलं.

तीन गाड्या निवडल्यात :
वॅगन आर, २०१७, कंपनीचा सीएनजी, ६२,००० किमी, एमएच ४७ पासिंग, दुसरा मालक, ३.६० लाख. मालक दहिसरचे.
स्विफ्ट डिझेल, २०१६, १.१० लाख किमी, एमएच ०४, ३.९० लाख.
बलेनो पेट्रोल, २०१८, ३४,००० किमी, एमएच ०२, पहिला मालक, ४.७५ लाख. ही लिंक रोडवरच्या एका डीलरकडे आहे.

बलेनो आरशासारखी चकाचक आहे आणि नवऱ्याचा जीव तिच्यावर जडलाय. डीलर म्हणतो मालक डॉक्टर होते, गाडी फक्त घर ते दवाखाना. उद्या संध्याकाळी दुसरी पार्टी येतेय, आज दहा हजार टोकन दिलंत तर अडवून ठेवतो. नवऱ्याला रात्रीपुरतं थांबवून धरलंय. पटापट सांगा.

लोकलप्रेमी | ८ नोव्हेंबर, रात्री ११:०४

गाडी घेऊच नका. आठवड्याच्या चार फेऱ्यांना कॅब करा. विमा, पीयूसी, पार्किंग, सर्व्हिसिंग मांडून बघा, कॅबच स्वस्त पडेल. राजापूरला तुतारी एक्सप्रेस आहे की.

ठाकूरद्वारची_पोर | ८ नोव्हेंबर, रात्री ११:१०

हिशोब केला होता, तुमचं बरोबरच आहे. पण सकाळी आठला कॅबवाला 'येतो' म्हणून रद्द करतो तेव्हा नाना जिन्याखाली वॉकर धरून उभे असतात. आणि सोसायटीत पार्किंगचा नंबर सहा वर्षांनी लागलाय, आता सोडला तर पुढचा नंबर नातवंडांच्या लग्नात.

ग्रीसवाले_काका | ८ नोव्हेंबर, रात्री ११:३८

पोरी, टोकन देऊ नकोस. संध्याकाळी येणारी दुसरी पार्टी मी तीस वर्षं ऐकतोय, अजून भेटलेली नाही.

कुर्ल्याला आमचं गॅरेज होतं, आता मुलगा बघतो. मुंबईची जुनी गाडी तपासायची तर मी इंजिनाकडे शेवटी जातो. आधी कागद, मग पाणी, मग पत्रा, मग इंजिन. इंजिन खराब निघालं तर पैसे घालून नीट होतं. कागदात गाठ असली किंवा गाडी पाण्यात उभी राहिलेली असली तर तुम्ही पैसे घालत राहाल आणि गाडी तशीच राहील.

चकाचक म्हणालीस ना, तीच पहिली शंका. सात वर्षं मुंबईत फिरलेल्या गाडीला बंपरच्या कोपऱ्यावर ओरखडे असतातच. रिक्षावाल्यांची सही असते ती. एकही ओरखडा नाही म्हणजे रंगकाम झालंय. रंग कोणीही मारतो, त्याने गाडी वाईट ठरत नाही. कशावर मारला ते बघायचं. बॉनेट उघडून फेंडरचे (पुढच्या चाकावरच्या पत्र्याचे) बोल्ट बघ. कंपनीच्या बोल्टवर रंगाचा थर अखंड असतो. पान्याने रंग उडालेला दिसला की समज तो पत्रा कधीतरी उतरवलाय. दाराचं रबर हाताने ओढून आतली कड बघ, कंपनीच्या स्पॉट वेल्डिंगचे गोल ठिपके सारख्या अंतरावर असतात. ठिपके गायब आणि तिथे लांबी (पुट्टी) भरलेली दिसली तर गाडीच्या खांबापर्यंत मार बसलाय, चालती हो. सगळ्या काचांच्या कोपऱ्यात छाप असतो, त्यात वर्षाची खूण असते. पाच काचा एका वर्षाच्या आणि एक वेगळी असली तर विचार, काच का बदलली. क्रिकेटचा चेंडू लागला असंही असू शकतं, लगेच फाशी द्यायची नाही.

३४,००० किमीचं म्हणशील तर टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. २३१८ म्हणजे २०१८ चा २३वा आठवडा. पहिलेच टायर असतील तर आकडा गाडीच्या वयाशी जुळेल. नवे असतील तर विचार, ३४,००० मध्ये का बदलले. वय झालं म्हणून बदलले असतील तर उत्तर पटण्यासारखं आहे. मग क्लच आणि ब्रेकच्या पेडलचं रबर, स्टिअरिंगवरची झिलई, ड्रायव्हर सीटची उतरायच्या बाजूची कड बघ. मीटर मागे नेणाऱ्याला ही कड मागे नेता येत नाही.

आणि बघायला जाशील ती सकाळी सातला, न सांगता. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेव. गरम लागलं तर तुझ्या आधी कोणीतरी स्टार्ट करून ठेवलंय. थंड इंजिन काय बोलतं ते ऐकायचं असतं.

चेकइंजिनदिवा | ९ नोव्हेंबर, सकाळी ८:१५

काकांना अनुमोदन. भर घालतो : ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा) हजाराच्या आत मिळतो, फोनला जोडता येतो. डीलर लोक दाखवण्याआधी एरर कोड पुसतात, त्यामुळे 'एकही एरर नाही' यावर भाळू नका. ॲपमध्ये रेडिनेस मॉनिटर बघा, गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्यात का ते तिथे दिसतं. बरेचसे 'अपूर्ण' दिसले तर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढून लावलीय. ५०-१०० किमी फिरल्याशिवाय ते पूर्ण होत नाहीत.

मीटरसाठी अधिकृत सर्व्हिस सेंटरचा इतिहास मागा. प्रत्येक भेटीला किलोमीटरची नोंद असते. २०२२ ला ५८,००० आणि आज ३४,००० असं बघितलंय मी. गाडी तरुण होत चाललेली.

नव्याचा_जुना | ९ नोव्हेंबर, सकाळी ९:०२

पाच लाखांत जुनी कशाला? २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आलाय. ऑल्टो के१०, एस-प्रेसोची एक्स-शोरूम किंमत चार लाखांच्या आत सुरू होते. नवी गाडी, वॉरंटी, डोक्याला ताप नाही.

ग्रीसवाले_काका | ९ नोव्हेंबर, सकाळी ९:२०

मुद्दा चुकीचा नाही. पण चार माणसं, वॉकर आणि राजापूरचे फणस ऑल्टोत बसवून दाखवा, मी गॅरेजचं नाव बदलतो. :) मात्र पोरी, हा जीएसटीचा मुद्दा भाव करताना वापर. नवी स्वस्त झाली की जुनी आपोआप उतरली पाहिजे. जाहिरातीतले आकडे अजून जुन्याच हवेत आहेत.

नुकसानभरपाई | ९ नोव्हेंबर, सकाळी १०:४५

विम्याचा सर्व्हेअर आहे, मोटार क्लेमच बघतो. बलेनोबद्दल एकच विचारतो : आत्ताची पॉलिसी कुठली आहे आणि कधीपासूनची?

कारण सांगतो. १९ ऑगस्ट २०२५ चा पाऊस आठवतोय? चेंबूरला मोनोरेल अडकली तो दिवस. त्यानंतर आमच्याकडे गाड्यांची रांग लागली. दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या किमतीच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांपुढे गेला की कंपनी ती गाडी टोटल लॉस धरते. मालकाला पैसे मिळतात आणि भंगार म्हणून ती गाडी लिलावात जाते. लिलावातून उचललेल्या सगळ्याच गाड्या तोडल्या जात नाहीत. काही धुतल्या-सुकवल्या जातात, आतली गादी-कापड बदलतात आणि दिवाळीनंतर 'डॉक्टरांची गाडी' म्हणून बाजारात येतात. २००५ च्या २६ जुलैनंतर तर वर्षभर हेच चाललं होतं. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला होता तेव्हा.

दरवर्षीचं पाणी वेगळंच. हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे, गांधी मार्केट. तिथे एकदा बंद पडलेली गाडी मालकाने पुन्हा स्टार्टर मारून बघितला की इंजिनात पाणी जातं, कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या पॉलिसीत हे बहुतेक वेळा मिळत नाही, इंजिन प्रोटेक्टचं ॲड-ऑन लागतं. मग मालक स्वतः थातुरमातुर करून विकायला काढतो.

पॉलिसीवर एनसीबी (नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यातली सूट) बघा. क्लेम न केलेल्या वर्षांप्रमाणे २०, २५, ३५, ४५, ५० टक्के असा तो चढतो. पाच-सहा वर्षं एकच मालक, कधी क्लेम नाही म्हणतो आणि एनसीबी शून्य, तर दोन्हींपैकी एक खोटं आहे.

मालवणी_मसाला | ९ नोव्हेंबर, दुपारी १:३०

सगळे घेणाऱ्याला शहाणं करताय. मी विकून फसलेला माणूस.

२०१९ ला माझी जुनी गाडी एका डीलरला दिली. त्याने गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या घेतल्या, गिऱ्हाईक मिळालं की नावावर करतो म्हणाला. पैसे मिळाले, मी पेढे वाटले. पुढे ती गाडी तीन हातांतून गेली आणि एकानेही नावावर केली नाही. भिवंडीत एका स्कूटरवाल्याला उडवलं तेव्हा पोलीस आले ते माझ्या दारात, कारण आरसीवर नाव माझंच. आई दार उघडायला गेलेली. तिला जो धक्का बसला त्याची भरपाई कुठला फॉर्म भरून मिळते?

वकिलाने सांगितलं, सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्येच स्पष्ट केलंय की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच मालक, भरपाईची जबाबदारीही त्याचीच. माझ्याकडे विक्रीची पावती होती, तिच्यावर तारीख नव्हती. वेळ तर नव्हतीच.

नुकसानभरपाई | ९ नोव्हेंबर, दुपारी २:१०

मालवणीभाऊ, वाईट वाटलं. कायद्याने विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आरटीओला कळवायचं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा. एप्रिल २०२३ पासून डीलरलाही आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं आणि गाडी डीलरच्या ताब्यात गेल्याचं फॉर्म २९सी ने ऑनलाइन कळवलं जातं. तेव्हापासून गाडीची जबाबदारी त्याची. लिंक रोडवाल्याला हे अधिकारपत्र विचारा. भिंतीवर लावलेलं असायला हवं. गणपतीच्या फोटोशेजारी.

शाहूपुरीकर | ९ नोव्हेंबर, दुपारी ४:००

आमच्या कोल्हापुराकडून न्या की. गाड्या उन्हात वाळलेल्या, घाटात पळालेल्या, मालक धुऊन पुसून ठेवणारा. नाहीतर दिल्लीची बघा, फार स्वस्त असते.

ग्रीसवाले_काका | ९ नोव्हेंबर, दुपारी ४:३५

कोल्हापूरची चालेल. दिल्लीची का स्वस्त ते ऐक : तिथे दहा वर्षांवरच्या डिझेलला आणि पंधरावरच्या पेट्रोलला बंदी आली होती, म्हणून बाहेर ढकलायला लागले. इकडे आणलीस की एनओसी (ना हरकत पत्र), महाराष्ट्राचा रोड टॅक्स नव्याने, आणि तिकडचा परतावा मागत बस. पोरी, तू नानांना घेऊन आरटीओच्या पायऱ्या चढणार आहेस का?

किनाऱ्यावरचा | ९ नोव्हेंबर, रात्री ९:२०

वर्सोव्याला राहतो म्हणून सांगतो, खाऱ्या हवेचा गंज विसरू नका. दाराच्या खालच्या कडेला पाणी जायची भोकं असतात तिथे बोट फिरवा, पेट्रोलच्या झाकणाची बिजागरी बघा, आणि गाडी खालून बघितल्याशिवाय घेऊ नका. वरून आलिया, खालून चाळण.

ठाकूरद्वारची_पोर | १५ नोव्हेंबर, रात्री ९:१५

मंडळी, अपडेट. आधी काकांचे पाय धरते, मग सांगते.

आज सकाळी न सांगता बलेनोकडे गेलो. सात वाजता शटर बंद होतं, कोपऱ्यावर चहा पीत थांबलो. दहाला उघडलं. बॉनेट थंड. नवरा म्हणे, बघ, तुझे काका उगाच. स्टार्ट केली तर आवाज अगदी गोड. बोल्ट बघितले, ठीक. काचा ठीक. ठिपके ठीक. मलाही वाटायला लागलं की आपणच खुळ्यासारखं करतोय.

मग मी मागच्या सीटवर बसले आणि सीटबेल्ट ओढला. ओढतच राहिले, अडेपर्यंत. शेवटची वीतभर पट्टी वेगळ्याच रंगाची निघाली. आमच्या चहाच्या गाळण्याचा रंग असतो ना, तोच. आणि जिथे रंग संपत होता तिथे रेघ, सरळ, पट्टीने मारल्यासारखी. चारही बेल्ट ओढले. पुढच्या दोन्हींना नवे कोरे बेल्ट, मागच्या दोघांना रेघ. सीटखाली हात घातला तर रुळाच्या बोल्टवरून ओढणीला तांबूस पूड लागली. स्टेपनीच्या खड्ड्यात काही नव्हतं, तो बहुतेक घासून पुसलेला.

डीलर म्हणाला, "मॅडम, पावसात खिडकी उघडी राहिली असेल." खिडकीतून आलेलं पाणी कंबरेएवढी सरळ रेघ कशी मारतं, एवढंच विचारलं. मग पॉलिसी मागितली. ती निघाली ऑक्टोबरपासूनची, फक्त थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपुरती. अधिकारपत्र 'प्रोसेसमध्ये' होतं. नवऱ्याने गाडीकडे एकदा वळून बघितलं, लग्नात बहिणीला निरोप देताना बघितलं होतं तसं. परत येताना रिक्षात दोघंही गप्प.

नुकसानभरपाई | १५ नोव्हेंबर, रात्री ९:४०

पावणेपाच लाखांच्या गाडीवर नुसता थर्ड पार्टी विमा, तोही पाण्याच्या मोसमानंतर काढलेला. यापुढे मी काही बोलायची गरज नाही. पुढचे बेल्ट बदलले आणि मागचे विसरले, नेहमीचंच आहे. पुढची सीट गिऱ्हाईक बघतं, मागची बायको बघते.

ठाकूरद्वारची_पोर | १६ नोव्हेंबर, रात्री ८:३०

आता राहिल्या दोन. स्विफ्टबद्दल कोणीच बोललं नाही?

ग्रीसवाले_काका | १६ नोव्हेंबर, रात्री ८:५५

बोलण्यासारखं काही नाही. महिन्याला तीनशे किमी, तेही बोरिवलीच्या ट्रॅफिकमध्ये, त्याला डिझेल कशाला? इंजिन दणकट आहे, पण टर्बो-इंजेक्टर बिघडले तर खर्च पेट्रोलच्या कितीतरी पट. आणि सगळ्यात आधी विचारायचं ते तू विचारलंच नाहीस : नाना कशात बसणार? नानांना घेऊन जा. स्विफ्टची सीट खाली, गुडघा आधी वाकतो मग माणूस बसतो. वॅगन आरची सीट खुर्चीएवढी.

ठाकूरद्वारची_पोर | २३ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:००

नानांना दहिसरला नेलं. ते वॅगन आरमध्ये असे बसले जसे ट्रेनच्या विंडो सीटवर बसतात. उतरायला तयार नाहीत. मालकांसमोरच म्हणाले, "हीच घे." झाला भाव करायचा विचका!

मालक पाटबंधारे खात्यातून निवृत्त, भले गृहस्थ. सोबत एक मेकॅनिक नेला होता, दीड हजार घेतले त्याने. थंड इंजिन, धूर नाही. ऑइलच्या झाकणाखाली पांढुरका लोण्यासारखा थर असतो तो नाही. तो असला तर हेड गॅस्केट गेलेलं असू शकतं म्हणे, माझं आयुष्य हे न कळताच गेलं असतं. चौथ्या गिअरमध्ये हँडब्रेक लावून क्लच सोडला तर गाडी लगेच बंद पडली. मेकॅनिक म्हणाला, हेच चांगलं, इंजिन गुरगुरत राहिलं असतं तर क्लच प्लेट गेली समजा. मग दहिसरच्या फ्लायओव्हरवर चढवली. डावीकडून खड्ड्यात टक-टक, सस्पेन्शनचा लिंक रॉड. नखाएवढा खर्च.

दोन अडचणी. डिकीत सीएनजीची टाकी, नानांचा वॉकर मावत नाही. आणि टाकीच्या हायड्रो टेस्टची (टाकी दाब सोसते का त्या तपासणीची) तारीख उलटून गेलीय.

चेकइंजिनदिवा | २३ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:३०

हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी लागते. टेस्ट नसेल तर पंपावर गॅस भरून देत नाहीत, द्यायलाही नको. सीएनजीची नोंद आरसीवर आहे का बघा, बाहेरून बसवलेले किट कित्येकदा नोंदवलेलेच नसतात. कंपनीचं असलं तर प्रश्न नाही. वॉकर मागच्या सीटच्या पायाशी आडवा जातो, आमच्या आजीचा जायचा.

ग्रीसवाले_काका | २३ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:५०

टेस्टचा खर्च भावातून काप. आणि आयडीव्ही बघ पॉलिसीवर, बोलणी तिथून सुरू कर. मालक भले असले तरी गाडीचा नंबर एम-परिवहन ॲपवर टाकलास का?

ठाकूरद्वारची_पोर | २३ नोव्हेंबर, रात्री १०:२०

टाकला. ई-चलानही बघितली, तीन थकलेली, दोन सिग्नलची, एक वरळीला वेगाची. मालकांचे चिरंजीव खाली मान घालून बसले होते, त्यांनी तिथेच भरली.

पण ॲपवर एका बँकेचं हायपोथिकेशन (गाडी कर्जापोटी तारण असल्याची नोंद) दिसतंय! मालक म्हणतात कर्ज २०२२ ला फिटलं. आतून फाइल आणून बँकेचं पत्र दाखवलं, प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं. खोटं बोलत नाहीयेत ते. मग हे काय?

नुकसानभरपाई | २३ नोव्हेंबर, रात्री १०:४०

निम्म्या महाराष्ट्राचं हेच आहे. हप्ते संपले की बँक एनओसी आणि सह्या केलेला फॉर्म ३५ देते. माणूस ते देवाजवळ ठेवतो आणि समजतो काम झालं. आरटीओत फॉर्म ३५ भरून ही तारणाची नोंद (एचपी) उतरवायची असते, ती कोणी उतरवतच नाही. बँकेच्या एनओसीला मुदत असते, ती संपली असणार. मालकांना बँकेतून नवी आणायला सांगा. मगच नाव चढेल.

तोवर पूर्ण पैसे देऊ नका. बयाणा द्या, खात्यातून द्या, कागदावर लिहून घ्या. रोखीचा मोह नको, दोन लाख किंवा जास्त रोख घेणं आयकराच्या नियमात बसत नाही.

मालवणी_मसाला | २३ नोव्हेंबर, रात्री ११:००

आणि गाडी ताब्यात घ्याल त्या दिवशीच्या कागदावर तारीख, वेळ आणि मीटरचा आकडा लिहा. दोघांच्या सह्या. समजा सव्वाचार लिहिलंत, तर त्याआधीचं चलान त्यांचं, नंतरचं तुमचं. माझ्यासाठी लिहा.

ठाकूरद्वारची_पोर | २८ डिसेंबर, दुपारी १२:१५

धागा वर काढते.

३.३५ लाखांवर तुटलं. पंचवीस हजारांत टायर, हायड्रो टेस्ट आणि लिंक रॉड असं धरलं. नाना मध्ये बोलले नसते तर अजून पाच सुटले असते असं नवऱ्याचं म्हणणं.

बँकेला नवी एनओसी द्यायला तेवीस दिवस लागले. खातं जिथे होतं ती शाखा दुसऱ्या शाखेत विलीन झालेली, मग फाइल गोरेगाव, मग परत कांदिवली. मालक, वय अडुसष्ट, स्वतः तीनदा गेले. तिसऱ्या खेपेला मी सोबत गेले. बाहेर पडल्यावर त्यांनी मला उसाचा रस पाजला आणि म्हणाले, "तुम्ही बयाणा परत मागितला असतात तर मी दिला असता." मला वाटतं मी गाडी तिथेच घेतली.

फॉर्म ३५, २९, ३० एकदम भरले. चेसिस नंबरची पेन्सिलने घासून छाप घ्यायची असते, ती मी स्वतः घेतली, शाळेत पिंपळाच्या पानाची घ्यायचो तशी. विमा १४ दिवसांच्या आत नावावर केला. इथे एक गोष्ट कोणी सांगितली नव्हती : त्यांचा ५० टक्के एनसीबी मला मिळाला नाही. तो माणसाचा असतो, गाडीचा नाही. उरलेल्या महिन्यांचा फरक भरावा लागला, एकवीसशे रुपये.

नुकसानभरपाई | २८ डिसेंबर, दुपारी १२:४०

माझी चूक, सांगायला हवं होतं. त्यांना एनसीबीचं पत्र घ्यायला सांगा, तीन वर्षांत नवी गाडी घेतली तर त्यांना वापरता येतो.

ठाकूरद्वारची_पोर | २८ डिसेंबर, दुपारी १२:४५

ते म्हणतात आता गाडी नको, चिरंजीवांना तर मुळीच नको. :)

नव्याचा_जुना | २८ डिसेंबर, दुपारी १:०५

अभिनंदन. पेढे कुठे?

ग्रीसवाले_काका | २८ डिसेंबर, दुपारी १:३०

शाबास पोरी. आता पहिलं काम : इंजिन ऑइल, सगळे फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल एकदम बदलून टाक. आधीच्यांनी कधी बदललं हे विचारू नकोस, आपला हिशोब शून्यापासून. आणि सोसायटीत उंदीर आहेत का? बोरिवलीत असणारच. आठवड्यातून दोनदा बॉनेट उघडून बघत जा, वायरिंग कुरतडलं की पाच आकडी बिल येतं.

ठाकूरद्वारची_पोर | ११ जानेवारी, संध्याकाळी ६:२०

आरसी पोस्टाने आली, माझ्या नावाची. नानांनी ती चष्मा लावून दोनदा वाचली आणि पाकिटात ठेवायला मागितली, दिली.

एक छोटासा प्रश्न. आधीच्या मालकांनी त्यांचा फास्टॅग बंद केला, मी नवा घेतला. पण जुन्याचा स्टिकर काचेवर असा चिकटलाय की निम्मा निघाला आणि निम्मा निघेना. नवऱ्याने ब्लेड घेतलं होतं, मी काढून घेतलं. काय लावू?

शाहूपुरीकर | ११ जानेवारी, संध्याकाळी ६:३५

रॉकेल.

किनाऱ्यावरचा | ११ जानेवारी, संध्याकाळी ६:४१

रॉकेल मिळतं कुठे आता? हेअर ड्रायरने गरम करा, मग खोबरेल तेल चोळून दहा मिनिटं ठेवा. एटीएमच्या जुन्या कार्डाने खरवडा, ब्लेड नको.

ठाकूरद्वारची_पोर | ११ जानेवारी, संध्याकाळी ७:३०

निघाला! काचेला आता नारळाचा वास येतोय. नाना म्हणतात, राजापूरला पोचल्यासारखं वाटतंय.